तालमीला जागा हवी

दिवाळी संपली, फराळाचे डबे रिकामे झाले, की महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांत एका वेगळ्याच धांदलीला ऊत येतो. कुणाच्या घरचा कोट, कुणाची आरामखुर्ची, कुणाच्या आजीची नऊवारी गोळा होऊ लागते. राज्य शासनाच्या हौशी मराठी नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्यांचे साधारणपणे हे दिवस. १९५४ साली, तेव्हाच्या मुंबई राज्यात सुरू झालेली ही स्पर्धा सात दशकांनंतरही टिकून आहे. दिवसभर शाळेत शिकवणारे, दुकान सांभाळणारे, कचेरीत खर्डेघाशी करणारे लोक पदरमोड करून तालमी करतात, दोन तास दुसरेच कुणी होतात आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर हजर होतात. हा सारा खटाटोप कशासाठी, आणि आज त्याची प्रकृती कशी आहे, याचा विचार रविवारच्या निवांत सकाळी करायला हरकत नाही.

या प्रश्नाचे ठरलेले उत्तर असे, की हौशी रंगभूमी ही व्यावसायिक रंगभूमीची शाळा आहे. ते खोटे नाही. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये हौसेने नाटके करता करता १९६९ साली ते पूर्णवेळ नट झाले. १९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणणारे डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, तर त्यातले नाना फडणवीस, डॉ. मोहन आगाशे, मनोविकारतज्ज्ञ. आम्हा बँकवाल्यांनाही मिरवायला जागा आहे. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते आणि अशोक सराफ स्टेट बँकेत. पण ही नावे मोजकी. त्यांच्यामागे असे असंख्य लोक आहेत, की ज्यांचे नाव कधी जाहिरातीत आले नाही आणि ज्यांना ते यावे असे वाटलेही नाही. त्यांनी वर्षानुवर्षे नाटके का केली, याचे उत्तर या यादीत सापडत नाही.

ते मला सापडले आमच्या शाखेत. ऐंशीच्या दशकात मी एका जिल्ह्याच्या गावी बदलून गेलो. गावात ओळखीचे कुणी नव्हते. संध्याकाळी पाच-सहाजण नाटक बसवतात एवढे कळले आणि मी जाऊन बसलो. तिथे आमचा शिपाई मामलेदार होता आणि शाखाधिकारी त्याच्यासमोर हात जोडून उभा राहणारा कुळवाडी. दिवसा ‘साहेब, सही’ म्हणणारा माणूस संध्याकाळी ‘साहेब, पाठ दाखवू नका, लोकांकडे तोंड करा’ असे बिनदिक्कत सांगे, आणि साहेब ऐकत. दुसऱ्या दिवशी बँकेत पायरी जिथल्या तिथे येई; पण पूर्वीसारखी नाही. हुकमाच्या आवाजात थोडी नरमाई आलेली असे. पगारवाढीच्या कुठल्याही करारातून हे साधत नाही. आपल्या समाजात माणसे जातीने, हुद्द्याने, वयाने आपापल्या खणात बसलेली असतात. तालीम ही त्या खणांबाहेर पडून बसण्याची जागा आहे, आणि हौशी रंगभूमीचे खरे मोल मला तरी त्यात दिसते.

याचा अर्थ तिथे सगळे गोडीगुलाबीचे असते असा नाही. भूमिका लहान मिळाली म्हणून रुसवे, पक्की पाठ नसतानाचा तोरा, पडद्याआडची भांडणे हे सगळे असतेच. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये गावोगाव प्रयोग करणारी हौशी मंडळीच आहेत, आणि लुटुपुटीचा खटला खेळता खेळता ती एका बाईला कशी घेरतात हे आपण जाणतो. रंगायनने ते नाटक १९६७ साली सादर केले तेही राज्य नाट्य स्पर्धेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. हौशी माणूस काही साधुसंत नव्हे. पण आपल्यातल्या या गोष्टी समोर आणून पाहण्याची सोयही त्याच रंगमंचाने करून दिली.

आता आजची स्थिती पाहू. पहिली अडचण वेळेची. आमच्या वेळी रोजची बेरीज जुळली की दिवस संपायचा. आज संगणकाने बेरीज क्षणात जुळते, पण विमा आणि कर्जाची उद्दिष्टे खिशातल्या फोनवरून रात्री दहालाही पाठलाग करतात. दुसरी अडचण घरातली. पुरुष तालमीला गेला तर त्याचे जेवण झाकून ठेवले जाते. बाई गेली तर घरचे जेवण आधी करून जाते. स्त्रीपात्र मिळत नाही अशी तक्रार करणाऱ्या मंडळांनी आपल्या तालमीच्या वेळा आणि आपली घरे एकदा तपासावीत. तिसरी गोष्ट फोनमधल्या अभिनयाची. मुले अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत काय काय करून दाखवतात. त्यांना मी नावे ठेवणार नाही, त्यात गुणी मुले आहेत. पण तिथे बहुधा समोर कुणी नसते. समोरचा वाक्य विसरला तर सावरून घ्यायचे, तो बोलत असताना आपण गप्प राहून ऐकायचे, हे तिथे शिकता येत नाही.

सगळ्यांत मोठी अडचण मात्र जागेची. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी उभारलेल्या त्या वास्तूसाठी सारा महाराष्ट्र हळहळला आणि ते योग्यच होते. नाट्यगृह जळले की बातमी होते. तालमीची जागा जाते तेव्हा मात्र कुठे धूर निघत नाही. वाड्याची माडी पाडून इमारत होते. वाचनालयाचे सभागृह लग्नकार्याला भाड्याने जाते. निवृत्तीनंतर मी ज्या मंडळात सामील झालो, त्याला एका गृहसंकुलाच्या सभागृहातून ‘आवाज होतो’ म्हणून निघावे लागले. त्याच सभागृहात डीजेला मात्र मज्जाव नाही. प्रयोगाला नाट्यगृह एक दिवस लागते, तालमीला जागा महिना-दोन महिने लागते. आपला सगळा हिशेब एका दिवसाचा आहे, बाकी दिवसांची तरतूदच नाही.

यावर उपाय नवा शोधायला नको. १९७४ पासून ‘आविष्कार’ने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग सुरू केले आणि एका शाळेच्या नावाने नाटकाची चळवळ ओळखली जाऊ लागली. तिथे ना मखमली पडदा होता, ना गुबगुबीत खुर्च्या. आज गावोगावच्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात. नगरपालिकेने आठवड्यातून तीन संध्याकाळी एक वर्ग वाजवी अनामत घेऊन उघडून दिला, झाडलोटीची जबाबदारी मंडळावर टाकली, तर कोट्यवधींच्या नव्या नाट्यगृहापेक्षा जास्त नाटक उभे राहील.

मंडळांनीही एक गोष्ट बदलायला हवी. स्पर्धेने हौशी रंगभूमी जगवली, पण नाटक परीक्षकांपुरते करण्याची सवयही लावली. एक प्रयोग होतो, निकाल लागतो, नेपथ्याची लाकडे माळ्यावर जातात. गोव्यात जत्रेच्या निमित्ताने गावचेच लोक देवळासमोर नाटक करतात आणि आपलेच शेजारी ते रात्री जागून पाहतात. तिथे गुण देणारे कुणी नसते. स्पर्धेत जरूर उतरावे, पण त्याआधी आपल्या आळीत, शाळेत, ज्येष्ठ नागरिक संघात दोन प्रयोग करावेत.

आणि वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांना वाटते की आपल्याला हे कसे जमणार, त्यांनी सुरुवात वाचनापासून करावी. चार घरचे सहाजण जमवा, एक एकांकिका आणा, वाक्ये वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. पाठांतराची भीती वाटत असेल तर नेपथ्य, प्रकाश, कपडे, प्रॉम्प्टिंग ही कामे माणसांची वाटच पाहत असतात. प्रयोग जाहीर करायचा झाला तर लेखकाची लेखी परवानगी आणि मानधन यांत कसूर नको, आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्रही पाहून ठेवावे. खर्चाची वही एकाने नीट लिहावी; हे मी बँकेतल्या सवयीने सांगतो, पण बहुतेक मंडळे अभिनयावरून नव्हे, हिशेबावरून फुटतात.

साठीनंतर मी पुन्हा तोंडाला रंग लावला, तेव्हा ‘आता या वयात?’ असे विचारणारे पुष्कळ भेटले. आमच्या मंडळात सर्वांत धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि तो मला अरे-तुरे करण्याच्या भूमिकेत आहे. पहिले आठ दिवस त्याची जीभ अडखळत होती. आता मंचावर तो मला खडसावतो आणि तालीम संपली की ‘काका, दुचाकीवर सोडू का?’ असे विचारतो. आमच्या इमारतीत एकोणिसाव्या वर्षाचा मुलगा आणि साठीतला माणूस एरवी लिफ्टमध्येसुद्धा बोलत नाहीत.