कापलेले वाक्य

मंगरूळपीर तालुक्यातील एका तांड्यावर गेल्या खरिपाच्या तोंडी आमची बैठक होती. विषय कापसाच्या आणि तुरीच्या भावाचा. बैठकीस रंग भरावा म्हणून मी सत्ताधारी पक्षाच्या एका पुढाऱ्याच्या भाषणाची, मोबाइलवर आलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत सर्वांना ऐकविली आणि तिच्या आधारे दहा मिनिटे मोठ्या आवेशाने बोललो. शेतकऱ्याने भावाची आशा सोडून द्यावी, असा त्या बोलण्याचा अर्थ होत होता. माझे भाषण संपताच मागच्या बाजूस बसलेले एक वृद्ध गृहस्थ उठले. त्यांनी ते भाषण सभेत बसून ऐकलेले होते. "भाऊ, याच्या पुढचं कुठी गेलं?" एवढेच त्यांनी विचारले. पुढचे म्हणजे, असे म्हणणाऱ्यांतले आपण नव्हे, हे शब्द. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. तेवढे शेपूट छाटले की कोणाच्याही तोंडी काहीही घालता येते.

त्या पुढाऱ्याचे धोरण शेतकऱ्याच्या मुळावर येणारे आहे, असे मी तेव्हा मानत होतो आणि आजही मानतो. ते सिद्ध करण्यास लागणारे आकडे माझ्या पिशवीत होते. परंतु ते बाहेर काढण्यात त्या दिवशी काही अर्थच उरला नाही. ज्याने चित्रफीत कापलेली दाखविली त्याचे आकडे तरी पुरे कशावरून, असा प्रश्न समोरच्या चाळीस डोळ्यांत दिसत होता. बैठक आटोपली, चहा झाला, आणि आम्ही खाली मान घालून गावी परतलो.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, विरोधी पक्षाच्या नेत्याविषयी आदराने व न्यायाने बोलावे, असे कोणी म्हटले की आपल्या कार्यकर्त्यांना ती मध्यमवर्गीय शिष्टाचाराची शिकवण वाटते. दिवाणखान्यातले सभ्य वाद आम्हांला परवडत नाहीत, आमचा झगडा पोटाचा आहे, असे उत्तर ठरलेले असते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ज्याचा झगडा पोटाचा आहे त्यालाच विरोधकाचे वाक्य कापणे परवडत नाही. वर्तमानपत्रे, वाहिन्या, पैसा हे सारे समोरच्याकडे आहे. आपल्याकडे शब्दाची पत तेवढी आहे.

ज्या तांड्यावर माझी ही शोभा झाली, तेथे वसंतराव नाईकांविषयी बोलताना माणसे आजही आवाज खाली आणतात. पुसदजवळच्या गहुलीचा हा बंजारा मुलगा नागपुरात शिकून वकील झाला आणि ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत महाराष्ट्राचा मुख्यमंत्री राहिला. त्या अकरा वर्षांत समाजवाद्यांनी त्यांच्याशी कडाक्याचे भांडण केले, आणि ते करावयासच हवे होते. १९७२ च्या महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी आणि कमल देसाई यांनी बायकांच्या हाती लाटणी देऊन रस्त्यावर आणले, ते त्यांच्याच राजवटीत. बॅकबे रेक्लमेशनच्या भूखंडांचे प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, ते त्यांच्याच राजवटीत. मुंबईच्या कामगार चळवळीत फूट पाडण्यासाठी सरकार शिवसेनेला मोकळे रान देत आहे, हा आरोप तर 'वसंतसेना' या एका शब्दात मावला होता. मला तो शब्द आजही वावगा वाटत नाही. त्यात झोंबणारे बरेच आहे, परंतु ते एका राजकीय कृत्याविषयी आहे. त्यांच्या पाइपवर आणि राहणीवर झालेल्या विनोदांचे तसे म्हणता येणार नाही. तांड्यातून आलेल्या माणसाने पाइप ओढावा, हे ज्यांना खुपत होते त्यांच्या हसण्यात आपले हसणे मिसळू देणे, ही समाजवाद्याला शोभणारी गोष्ट नव्हती.

आणि भांडण पुरे मांडावयाचे तर हिशेबाची दुसरी बाजूही मांडावी लागते. लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष वसंतरावच होते. त्या समितीने जिल्हा परिषदेला बळ देण्याची शिफारस केली आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. सत्तेचे विकेंद्रीकरण हा आपला मंत्र. तो कायद्यात उतरविणाऱ्यांत काँग्रेसचा हा महसूलमंत्री होता, हे सांगताना आपली जीभ का अडखळावी? १९७२-७३ च्या दुष्काळात सरकारी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. ती कामे आयती मिळाली नव्हती. डाव्या पक्षांच्या मोर्च्यांनी ती मिळविली. तथापि विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्या सरकारने स्वीकारली, हेही तेवढेच खरे. मागणाऱ्याचे श्रेय सांगावयाचे आणि देणाऱ्याचे गाळावयाचे, असा इतिहास लिहिला तर तांड्यावरचा माणूस आपल्या मोर्च्याचेही श्रेय नाकारतो. त्याने ती खडी स्वतः फोडलेली असते, किंवा त्याच्या आईने.

१९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यावर वसंतरावांनी, दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला नाही तर आपल्याला फासावर द्यावे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. हायब्रीड ज्वारीच्या प्रसाराचा तो काळ. या प्रतिज्ञेचे पुढे काय झाले, १९७२ साली राज्यावर काय वेळ आली, हायब्रीडने कोरडवाहू शेतकऱ्याच्या खर्चाचे काय केले, यावर ग्रंथभर टीका करता येईल. आज मात्र ते भाषण झाले असते तर टीका झालीच नसती. फक्त 'फासावर द्या' एवढेच तुकड्यातुकड्यांनी महिनाभर वाजत राहिले असते, आणि ज्वारीचे नावही कोणाच्या कानी पडले नसते.

आपल्याच घरातले एक उदाहरण येथे टाळता येणार नाही. १९६३ साली लोकसभेत डॉ. लोहियांनी पंडित नेहरूंना देशातील २७ कोटी माणसांच्या रोजच्या तीन आण्यांचा जाब विचारला. सरकारचे उत्तर पंधरा आण्यांचे होते. स्वतंत्र भारताच्या संसदेत गरिबीवर इतका कठोर वाद क्वचितच झाला असेल. लोहिया नेहरूंवर तुटून पडले, पण आकडा घेऊन. आणि आकड्याला उत्तर द्यावेच लागते म्हणून नेहरूंच्या सरकारला उत्तर द्यावे लागले. त्याच लोहियांनी इंदिरा गांधींना 'गूँगी गुडिया' म्हटले. या शब्दाला काय उत्तर असते? त्यात धोरण नाही, आकडा नाही. बाई आहे म्हणून बाहुली, एवढेच आहे. स्त्री-पुरुष विषमतेवर लोहियांइतके मूलगामी विवेचन त्या पिढीत फार थोड्यांनी केले, म्हणून तर हा शब्द अधिक टोचतो. वृत्तपत्रांनी तो उचलला आणि अजून चघळतात. तीन आणे मात्र विसरले. डॉक्टरांवरील आपल्या भक्तीमुळे आपण या शब्दाविषयी आजवर गप्प राहिलो आहोत.

याउलट १९७७ ची ती घोषणा आठवा: 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.' गोरेगावच्या नळांसाठी भांडणाऱ्या मृणालताई लोकसभेवर निवडून गेल्या आणि पंतप्रधान पराभूत झाल्या, तेव्हाची ही घोषणा. बोचरी आहे, विनोदी आहे, आणि दोघींनाही 'बाई'च म्हणते. ज्या मृणालताईंना आणीबाणीत अकोल्याच्या तुरुंगात ठेवले होते (मंगरूळपीर तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते), त्यांच्या विजयाची घोषणाही शिवीवाचून होऊ शकली.

आणीबाणीचा उल्लेख केला तो एवढ्यासाठीच नव्हे. एकतर्फी वृत्तपत्र म्हणजे काय, हे आपल्या चळवळीने त्या एकोणीस महिन्यांत अंगावर झेलले आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' नावाची एकच संस्था करण्यात आली. तुरुंगातील जयप्रकाशजी काय म्हणतात हे देशाला कळत नव्हते. त्यांच्याविषयी सरकार काय म्हणते तेवढेच कळत होते. सैन्याला बंडाची चिथावणी देणारा माणूस, असे त्यांचे चित्र रंगविले गेले. तेही एक कापलेले वाक्यच होते. बेकायदा हुकूम पाळू नयेत, हे त्यांचे म्हणणे. त्यातला 'बेकायदा' हा शब्द गाळला गेला. मार्च १९७७ मध्ये निवडणूक जिंकल्यावर हेच जयप्रकाशजी, त्याच कैदेच्या काळात मूत्रपिंडे निकामी झालेली असताना, पराभूत इंदिराजींना भेटावयास त्यांच्या घरी गेले. शहा आयोगाची चौकशी व्हावयाची ती पुढे झालीच. त्या भेटीने तिचे एकही पान कमी झाले नाही.

आता आजचे. एका राष्ट्रीय पक्षाच्या नेत्याला वर्षानुवर्षे 'पप्पू' म्हणून हिणविण्यात आले, आणि वाहिन्यांनी ते बातमीसारखे चालविले. विरोधकाला 'देशद्रोही' म्हणणे हे तर निवेदकाचे नित्याचे काम झाले आहे. याची चीड येणे स्वाभाविक आहे. पण ती आली म्हणून आपण काय करावे? डिसेंबर २०१७ मध्ये, गुजरातच्या निवडणुकीच्या ऐन मध्यावर, मणिशंकर अय्यर यांनी पंतप्रधान मोदींना उद्देशून 'नीच' हा शब्द वापरला. पंतप्रधानांनी तो आपल्या जातीचा अपमान म्हणून सभासभांतून सांगितला आणि काँग्रेसला अय्यर यांना निलंबित करावे लागले. कापूस आणि भुईमूग पिकविणाऱ्या सौराष्ट्रातील शेतकऱ्याचा प्रश्न त्या आठवड्यात कोठे गेला, हे कोणी विचारले नाही. सत्ताधाऱ्याला शिवी दिली की तो जखमी होत नाही. उलट त्याला उत्तर देण्यापासून सुटका मिळते.

कोणी म्हणेल, असा न्याय एकतर्फीच का करावयाचा? ते आपले वाक्य कापतात, आपण त्यांचे पुरे छापावयाचे? होय. कारण त्यांना पुरे वाक्य छापून गमवावयाचे आहे, आपल्याला मिळवावयाचे आहे. शेतमालाच्या आयातीचे समर्थन मंत्रिमहोदय कसे करतात हे आपल्या कार्यकर्त्याला शब्दशः ठाऊक नसेल, तर पारावर बसलेल्या त्यांच्या कार्यकर्त्यापुढे तो कसा टिकणार? प्रतिपक्षाची सर्वांत बळकट बाजू त्याच्यापासून लपविणे म्हणजे त्याला लाटण्याशिवाय मोर्च्यात धाडणे होय.

म्हणून या साप्ताहिकाच्या संपादकांना माझी सूचना आहे. ज्या नेत्यावर टीकालेख छापला जाईल त्याचे मूळ विधान पूर्ण वाक्यांसह, तारीख व ठिकाण देऊन त्याच पानावर छापावे. त्याने उत्तर पाठविल्यास ते त्याच जागी, त्याच टाइपात यावे. वाचकांच्या पत्रांच्या कोपऱ्यात नव्हे. आणि मोबाइलवर आलेल्या कोणत्याही चित्रफितीचे संपूर्ण भाषण मिळाल्याखेरीज तिचा उल्लेख सभेत अथवा अंकात करू नये, असा शिरस्ता तालुका समित्यांनी पाळावा. यात वेळ जाईल. आपली एखाददुसरी ताजी बातमी शिळी होईल. होऊ द्यावी.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा त्याच तांड्यावर गेलो. त्या पुढाऱ्याचे पुरे भाषण ऐकविले, आपली चूक झाली असे सांगितले आणि मग पिशवीतले आकडे काढले. त्या वृद्ध गृहस्थांनी दोन आकड्यांवर हरकत घेतली. एका बाबतीत त्यांचे बरोबर होते, ते मी कागदावर तेथेच दुरुस्त केले. दुसऱ्यावर आमचा वाद दिवे लागेपर्यंत चालला.