घरोघरी मांडलेली वेदी

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. वेदी गेली, बली थांबले, पुरोहितांचे कार्यच संपले. पुढे ज्यूंच्या कित्येक पिढ्या परमुलुखात जन्मल्या आणि तेथील मातीस मिळाल्या. ना मंदिर, ना राजसत्ता. तरीही १९४८ साली इस्रायलची स्थापना होईपर्यंत या समाजाने आपली ओळख कशी जपली? धर्मग्रंथांचे अखंड अध्ययन हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण शुक्रवारच्या रात्री ज्यू घरातील जेवणाच्या मेजावर सापडते.

सूर्यास्तापूर्वी गृहिणी दिवे लावते. कुटुंबप्रमुख द्राक्षमद्याचा पेला उचलून 'किद्दूश' म्हणतो. त्यात वेलीचे फळ निर्माण करणाऱ्या परमेश्वराचे स्तवन असते; सृष्टीची उत्पत्ती आणि मिसरच्या दास्यातून झालेली मुक्ती यांचे स्मरणही असते. मग हात धुऊन, वस्त्राने झाकलेल्या दोन पावांवर, भूमीतून अन्न देणाऱ्याची स्तुती केली जाते. अरण्यवासात शुक्रवारी 'मान्ना' हे दैवी अन्न दुप्पट मिळे, या श्रद्धेची खूण म्हणजे हे दोन पाव. पावाचा तुकडा मिठाला लावून सर्वांना वाटतात, कारण मंदिरातील बलीसोबत मीठ असे. मंदिर कोसळले; वेदी मात्र घरोघरी मांडली गेली. तेथे पुरोहित लागत नाही. मुले ऐकता ऐकता शिकतात.

या निष्ठेचे उदाहरण आपल्या कोकणातही आहे. तेलाचे घाणे चालविणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. त्यांच्या घरांत द्राक्षमद्याऐवजी मनुका भिजवून काढलेल्या रसावर किद्दूश म्हणण्याची प्रथा रूढ झाली. मुळात धर्मशास्त्रानेही, मद्य नसल्यास शुक्रवारी रात्री पावावरच किद्दूश म्हणण्याची मुभा दिली आहे. साधन बदलले तरी स्मरण सुटले नाही. कर्मकांड आणि संस्कार यांतील भेद तो हाच.

शाळा, संस्था आणि शासन यांच्यावर वारसा सोपवून निश्चिंत होणाऱ्या कोणत्याही समाजाने हे ध्यानी घ्यावे. संस्था उभारता येतात, तशा त्या मोडताही येतात. आठवड्यातून एक रात्र सारे कुटुंब एकत्र बसते आणि आपण कोण, हे मुलांसमोर मोठ्याने उच्चारले जाते, ते घर मोडणे मात्र कोणत्याही सैन्याला अवघड असते.