गाईड मिटा, अंदाज बांधा

मंडळी, आज जरा तावातावाने लिहिणार आहे. चहा संपवून मगच वाचा.

कादंबरी शिकवायची म्हणजे पहिल्या तासाला लेखकाचा परिचय, दुसऱ्याला सारांश आणि तिसऱ्याला 'ग्रामीण जीवनाचे वास्तव चित्रण' ही ओळ वहीत उतरवून घ्यायची, ही आपल्याकडची रीत. मग पुस्तक उघडायला मुलाकडे कारण काय उरतं? जेवणाआधीच ढेकर द्यायला लावल्यासारखं आहे हे.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. १९५५ सालची, आकाराने लहानशीच. नववीच्या वर्गात मी फळ्यावर फक्त नाव लिहीत असे. गाव नाही, वाडी का? वाडीत घरं किती असतील? राहत कोण असेल? मुलं आपला अंदाज चिठ्ठीवर लिहीत. मग सांगायचं, इंग्रजी अनुवादाचं नाव आहे 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स'. भिंती नसलेलं गाव! अंदाज लगेच बदलतात. एक नाव नुसती जागा दाखवतं, दुसरं तिचा अर्थही लावून टाकतं. शब्दाची निवड म्हणजे काय ते एवढ्यात कळतं. कठीण शब्दांची यादी पाठ करावी लागत नाही.

पुढे माणदेशातल्या या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो. वाडीतला वडीलधारा म्हातारा म्हणजे 'कारभारी'. मुली खुदकन हसणारच, नवऱ्यालाही तीच हाक असते ना! हसू द्या. मग विचारा, पाटील किंवा सरपंच का नाही? हा माणूस मास्तराला साथ देईल की आडवा येईल? तसाच 'तालीम' हा शब्द. त्याजागी 'व्यायामशाळा' घालून वाचून दाखवा. तांबड्या मातीचा वास जातो की नाही बघा!

यावर आक्षेप ठरलेले. "पोर्शन कधी संपवायचा?" अहो, चिठ्ठ्यांना दहा मिनिटं पुरतात. "अंदाज चुकला तर?" चुकू दे की! मास्तर आला, शाळा भरली, आता वाडी सुधारणार, असं निम्मा वर्ग लिहितो. आपलं खरं होतं का, हे बघायला तीच मुलं शेवटच्या पानापर्यंत जातात. सारांश ऐकलेल्या मुलाला ही ओढ कुठून येणार?

मात्र कृतीच्या नावाखाली अंदाजाचे चौकोन भरून घ्यायचे आणि पुस्तक कपाटातच ठेवायचं, हेही मला मान्य नाही. अंदाज ही उधारी आहे. ती वाचूनच फेडायची. दहावीनंतर कितीतरी मुलं पुन्हा कादंबरी हातात धरत नाहीत. त्यांची ती एकुलती एक भेट आपण गाईडच्या हवाली करतो, याचा मला राग येतो.

असो. वाडीचं शेवटी काय होतं, ते मी इथेही सांगणार नाही. नातवंडांनो, पुस्तक माझ्या कपाटात आहे. आधी चिठ्ठी लिहून द्या, मग घेऊन जा.