सगळेच अर्जंट!

उद्यमबागेत माझ्या काकांचे छोटे वर्कशॉप आहे. चार लेथ, दोन मिलिंग मशीन आणि शाफ्टला शेवटचा हात द्यायला एकच ग्राइंडर. ऑर्डर येईल तसा माल करायचा. करून ठेवून विकण्याचा प्रश्नच नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी महिनाभर मी तिथे चलने लिहायला जात होतो. भिंतीवरच्या फळ्यावर १४ कामे आणि त्यांतल्या ११ पुढे खडूने लिहिलेले, 'अर्जंट'!

फोन आला की काका म्हणत, "परवा नक्की घेऊन जा." मग लेथवरचा जॉब उतरवून दुसरा चढवायचा. सेटिंगमध्येच पाऊण तास जाई. संध्याकाळी पहिल्या पार्टीचा तगादा आला की पुन्हा उलटापालट. लेथवरचे मामा चतुर्थीला गावी निघायचे होते. आदल्या रात्री दहापर्यंत ओव्हरटाइम करत होते. माल तरीही गेला नाहीच.

मित्रहो, माझ्या मते दोष मशीनच्या तुटवड्याचा नाही, कामे आत ढकलण्याच्या घाईचा आहे. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने १९६१ साली एका नियमाची सिद्धता मांडली. हिशेब साधा आहे. कारखान्यात सरासरी ४० जॉब अडकलेले असतील आणि रोज ५ बाहेर पडत असतील, तर एका जॉबला सरासरी ८ दिवस लागतात. आणखी २० आत घेतले आणि बाहेर ५च पडले, की १२ दिवस.

आणि ५च का? ग्राइंडर एकच म्हणून! लेथ कितीही पळवा, ढीग ग्राइंडरपुढेच वाढतो. एलियाहू गोल्डरॅट यांनी 'द गोल' ही १९८४ची कादंबरी याच दुखण्यावर लिहिली. (कारखान्यावर कादंबरी! आमचे मराठीचे सर हसतील.) तेव्हा तारीख द्यायची ती ग्राइंडरपुढची रांग मोजून, आणि ती रांग फार वाढू लागली तर लेथ घटकाभर रिकामा ठेवावा.

काकांना हे पटत नाही. "रिकामे मशीन बघवत नाही रे! आणि आठ दिवस म्हटले तर पार्टी शेजारच्या गाळ्यात जाईल." ही भीती खोटी नाही. पण त्यांची सर्वांत जुनी पार्टी गेली, ती 'परवा'चा माल दहाव्या दिवशी मिळाल्यामुळे.

दिवाळीनंतर फळ्यावर ग्राइंडरचा वेगळा रकाना आखला गेला आहे. 'अर्जंट' अजून पुसलेले नाही.