बैल झकास दिसतो, पण गोठ्यात आहे का? शर्यतीच्या ग्रुपवर खोटे फोटो आणि खोटे मेंबर

डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींना अटींवर परवानगी दिली. मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदाही कायम ठेवला. मैदानं पुन्हा भरू लागली, तसे मोबाईलवर शौकिनांचे ग्रुपही वाढले. खोंडांचे फोटो, मैदानाचे निकाल, खरेदी-विक्री, सगळं तिथंच. पण आता त्याच ग्रुपवर असे बैल फिरताहेत, जे कुणाच्याच दावणीला नाहीत.

एआयला दोन ओळी लिहून दिल्या की काही सेकंदांत खिलार बैलाचा फोटो तयार होतो. नीट झूम करून बघा. वेसण नाकातून जाते की नुसती चिकटलेली दिसते? कासरा मधेच गायब होतो का? मागच्या बॅनरवरची अक्षरं वाचता येतात का? गर्दीतली तोंडं एकसारखी आहेत का? मात्र एवढ्यावरच विसंबू नका. फोटो दिवसेंदिवस सफाईदार होताहेत, उद्या या चुका दिसणारही नाहीत.

म्हणून फोटोपेक्षा माणूस तपासा. खोटा मेंबर प्रत्येक पोस्टखाली तेच लिहितो, "परंपरेचा अभिमान, शौर्याचे प्रतीक". खरा शौकीन विचारतो, "आदत आहे का दुसा? डावीकडून पळतो का उजवीकडून? कुठल्या मैदानात नंबर काढला?" हेच प्रश्न त्याला उलटे विचारा. गावाचं नाव विचारा, त्या गावात आपल्या ओळखीचं कोणीतरी निघतंच. फेसबुक पेज असेल तर त्याच्या माहितीत पेज कधी सुरू झालं, आधीचं नाव काय होतं, कुठल्या देशातून चालतं, हे बघता येतं. शर्यतीचं पेज परदेशातून चालत असेल तर काय ते समजून घ्या.

पण एक सांगतो. शुद्ध मराठी लिहिली म्हणून कुणाला लगेच खोटा म्हणू नका. ज्यांना लिहायला जमत नाही, असे आपलेच काही शेतकरी एआयकडून मजकूर लिहून घेतात. त्यात वावगं काही नाही. तो एका फोनवर खरा ठरतो.

हे लोक असं का करतात? काहींना लाईक आणि फॉलोअर वाढवून पेज विकायचं असतं. काहींचा डोळा थेट इसाराच्या पैशावर असतो. "गिऱ्हाईक लागलंय, आत्ताच पाच हजार टाका" अशी घाई सुरू झाली की तिथंच थांबा.

व्हिडिओ कॉलवर बैल दाखवायला सांगा, दात उघडून दाखवायला सांगा. कानातल्या टॅगचा 12 आकडी नंबर मागा आणि तो आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. 1 जून 2024 पासून राज्यात टॅगशिवाय जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही, त्यामुळे नंबर मागण्यात लाज कसली? पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा. फसलातच तर लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

आपल्याकडं बैल घेताना पाठीवर हात फिरवून, चालवून बघूनच इसार देतात. मोबाईल आला म्हणून ती रीत मोडू नका.