सह्याद्रीचा भूमिगत वारसा

वारसा म्हटला की मंदिरे, दुर्ग आणि ताम्रपट डोळ्यांसमोर उभे राहतात. त्या सूचीत एका बेडकाचाही समावेश व्हावयास हवा. २००३ साली एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसुइट यांनी केरळातील इडुक्की जिल्ह्यातून तो विज्ञानजगतापुढे आणला. ‘नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस’ हे त्याचे नाव. त्यात संस्कृत ‘नासिका’ही आहे आणि सह्याद्रीही.

त्याचे निकटचे आप्त सुमारे ३००० कि.मी. दूर, सेशेल्स बेटांवर आढळतात. बेडूक समुद्र ओलांडून गेला नाही, भूमीच दुभंगली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारत आणि सेशेल्स विलग झाले, त्याची ही जिवंत साक्ष होय. २०१७ साली घाटाच्या पूर्व उतारावर, तामिळनाडूत, याच कुळातील दुसरी प्रजाती नोंदली गेली. पहिलीची वीण नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या आगमनाशी निगडित, तर दुसरीची ईशान्य मोसमी पावसाशी.

वर्षातील बहुतेक काळ हा जीव भूमिगत असतो. त्याची पिल्ले मात्र वेगवान ओढ्यांतील खडकांना तोंडाने चिकटून वाढतात. बंधाऱ्याने प्रवाह अडला की त्यांचा आधारच हरपतो. म्हणूनच केवळ वृक्ष मोजून सह्याद्रीचे रक्षण झाले असे मानणे ही आत्मवंचना ठरेल. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा सन्मान लाभला. त्या सन्मानास जागावयाचे तर ओढा अडविण्यापूर्वी त्यातील जीवसृष्टीची पाहणी अनिवार्य करावी. ढासळलेला बुरूज पुन्हा बांधता येतो. कोट्यवधी वर्षांचे कुळ लोपले तर ते कोणत्याही शासनास पुन्हा घडविता येणार नाही.