गूळ खाऊन फुफ्फुस साफ होत नाही

गळीत हंगाम संपला की आपल्या श्रीपूर भागातली पोरं ठेकेदारामार्फत बॉयलर दुरुस्तीला जातात. मीही परजिल्ह्यात दोन उन्हाळे गेलोय. भट्टीतलं जुनं सिरॅमिक वूल हातानं ओरबाडायचं, तोंडाला नुसतं फडकं. संध्याकाळी ठेकेदार गुळाचा खडा द्यायचा, "खा, धूळ उतरंल." अहो, गूळ पोटात जातो, फुफ्फुसात नाही!

नव्या वूलपेक्षा वापरलेल्याचा धोका वेगळा. हजार अंशांच्या आसपास दीर्घकाळ तापलं की त्यात क्रिस्टोबलाइट तयार होतं. म्हणजे सिलिकाच. त्यानं सिलिकोसिस होतो, आणि १९९७ मध्ये 'आयएआरसी'नं ते कर्करोगकारकही ठरवलंय.

उपाय साधे आहेत. काढण्याआधी वूल पाण्यानं भिजवा. झाडू नको, हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरा. माल लगेच पिशवीत बंद करा. तोंडाला घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क द्या. कामाचे कपडे घरी नेऊ नका.

पण सगळ्यात कमी दराला ठेका दिला की पहिला मास्कच कापला जातो. म्हणून माझी मागणी एकच : हा खर्च टेंडरमध्येच वेगळा धरा, आणि मास्क दिसल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका.

यंदा कामाला जाणाऱ्या पोरांना हे जरूर वाचून दाखवा.